नारळाचं लोणी

"हात पुढे करा, सायब," असं म्हणून ती माझ्या तळहातावर बोटभर पांढरं काहीतरी ठेवायची. "चाखून बघा. खोटा सांगू नका. लोण्यासारखा लागता काय?"

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी फोंडाघाटला जंगलखात्याच्या नाक्यावर कारकून होतो. सायब कसला! पण नाक्यासमोरच्या तिच्या खानावळीत मी दोन्ही वेळ जेवायचो आणि चवीच्या बाबतीत भीड ठेवायचो नाही, म्हणून तिच्या लेखी मी सायब.

बाई मूळची मालवणची. नवरा गेल्यावर सुकी मासळी घेऊन फोंड्याच्या बाजाराला यायची, ती इथेच राहिली आणि खानावळ घातली. एकुलता मुलगा लॉरीवर क्लीनर लागला, मग ड्रायव्हर झाला, कोल्हापूरच्या खेपा करू लागला. एकदा ताटावर बसून तो म्हणाला, "आई, घाटावर भाकरीवर लोण्याचा गोळा घालतात. हे कोरडं आता घशाखाली उतरत नाही." सहज म्हणाला असेल. पण पुढे त्याची गाडी खानावळीसमोर थांबायची कमी झाली, आणि बाईने या दोन गोष्टींची मनात गाठ मारली ती मारलीच.

आता तुम्हीच सांगा, आमच्या कोकणात लोणी आणायचं कुठून? गाय देणार ओंजळभर दूध, ते चहालाच पुरत नाही. तिने एका कोल्हापूरच्या ड्रायव्हरकरवी लोणी मागवलं. त्या शहाण्याने डबा इंजिनाशेजारी ठेवला. घाट उतरेपर्यंत सगळ्याचं तेल झालं आणि वास असा की मांजरानेही तोंड फिरवलं.

मग बाईने स्वतःच लोणी करायचं मनावर घेतलं. पहिल्यांदा वनस्पती तूप थंड पाण्यात फेटून झालं. मी म्हटलं, "काकी, साबण." त्यानंतर आलं मुठेल. कोकमाच्या बियांचं हे तेल थिजलं की पांढरंशुभ्र होतं, थंडीत आम्ही ते टाचांच्या भेगांना लावतो. दिसायला हुबेहूब लोणी. माझ्या टाळ्याला असं चिकटलं की दुपारपर्यंत नीट बोलता येईना, आणि नाक्यावर लाकूडवाल्यांचं चांगलंच फावलं. बाई हसली नाही. "चिकाटता?" एवढंच विचारून तिने वाटी बाजूला ठेवली.

शेवटी नारळावर आली. जाड रस काढून रात्रभर ठेवायचा, वरची साय घुसळायची, त्यात आंबट ताकाचे थेंब आणि मिठाची कणी. हे दर खेपेला सुधारत गेलं. पण गिऱ्हाइकांच्या कालवणातला नारळ कमी झाला, लोक कुरकुरायला लागले. तिला कुठली पर्वा! घाटातून गाडीचा आवाज आला की पिठाच्या हातांनी दारात यायची. "सायब, माज्या झिलाची गाडी काय ती?" पुष्कळदा त्याचीच असायची. भोंगा वाजवून तो पुढे निघून जाई.

खरं कारण नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने घाटावर लग्न करून बिऱ्हाड थाटलं होतं. मला राहवेना, एक दिवस तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मगे तिच्या घराक म्हशी आसतल्यो." कपाळ माझं! मी चिडलो, आणि चिडूनच जेवलो. संध्याकाळी पुन्हा हातावर नवं लोणी.

थंडीतल्या एका सकाळी मुलगा आणि सून दोघं आली. बाईने लगबगीने भाकऱ्या टाकल्या, नारळाच्या लोण्याची वाटी काढली. तेवढ्यात सुनेने मडक्याभोवतीचं ओलं फडकं सोडलं. आत पाण्यात लोण्याचा गोळा, जसाच्या तसा. घाटभर तिने ते मांडीवर धरलं होतं. "आत्याबाई, तुमच्यासाठी बी आणलंय," ती म्हणाली. गुणाची पोर, तिला नावं कशाला ठेवू? तिने आधी नवऱ्याच्या भाकरीवर लोणी घातलं, मग सासूच्या. बाईने आपली वाटी हळूच चुलीमागे सरकवली. मुलगा पोटभर जेवला आणि बायकोला गाडीत घालून गेला.

मी जेवायला बसलो तेव्हा तिने ती वाटी माझ्या भाकरीवर रिकामी केली. "काकी, हे पण चांगलं झालंय," मी म्हणालो. खरंच झालं होतं.

"ऱ्हवांद्या, सायब. खरा लोणी मी आज खाल्लंय. ता टाकून तो हय कशाक येतलो? माजो झिल गेलो."

एवढं बोलून ती पुढची भाकरी थापायला बसली.

शिमग्याच्या आधीच खानावळ बंद करून ती मालवणला बहिणीकडे गेली, ती परत आली नाही. मुलाची गाडी जात-येत होतीच, बंद दारापुढून भोंगा वाजवत. पाऊस तोंडावर आला तेव्हा कुठे एकदा नाक्यावर थांबून त्याने मला विचारलं, "हल्ली आई दारात दिसत नाही?"