चार दिवसांत पूर्ण झालेली केस

मला कॅन्सर आहे हे मला कळलं ते माझ्याच एक्सेल शीटमधून.

अबू धाबी-दुबईतल्या दवाखान्यांच्या एका साखळीत मी क्वालिटीचं काम बघते. आमची त्वचेच्या कॅन्सरची क्लिनिकं कसं काम करतात ते मोजायचं: किती तीळ काढले, त्यात कॅन्सरचे किती निघाले, रिपोर्ट किती दिवसांत आला. शीटमध्ये नावं नसतात, फक्त फाइल नंबर.

माझ्या डाव्या तळपायावर तीळ होता. आई कौतुकानं सांगायची, पोरगी परदेशी जाणार. गेले की! त्यामुळे तो पसरायला लागला तरी वर्षभर मी ढिम्म. शकुन कुणी डॉक्टरला दाखवतं का? शेवटी नवरा हात धुऊन मागे लागला, तेव्हा खलिफा सिटीतल्या आमच्याच क्लिनिकमध्ये गेले. बायोप्सी झाली, म्हणजे तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला की फोन करू, इन्शाल्ला, असं नर्सनं सांगितलं.

फोन आला नाही. मी म्हटलं, वाईट असतं तर केला असता.

बाराव्या दिवशी महिन्याचं शीट तपासताना माझाच नंबर दिसला. निदान मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. पुढे ‘केस पूर्ण, चार दिवस’, रकाना हिरवागार. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला की केस पूर्ण, ही व्याख्या मीच लिहिलेली. रुग्णाला सांगितलं का, हा रकानाच नव्हता. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त स्वतःचा संताप आला.

तडक क्लिनिक गाठलं. डॉक्टरांना वाटलं होतं नर्सनं कळवलं, नर्सला वाटलं डॉक्टरांनी. मल्याळी डॉक्टर हिंदीत म्हणाले, "गलती हमारी है. अभी ऊपर की परत में ही है, पूरा निकल जाएगा."

निघाला. तीन आठवडे कुबड्या घेऊन वावरले. लेक रोज इंग्रजीत विचारायची, आई, आर यू ओके? मी येस म्हणायचे, खात्री नसतानाही.

तुम्हीही रिपोर्टची वाट बघत असाल तर फोनची वाट बघू नका, तुम्ही करा.

कामावर परतल्यावर व्याख्या बदलली: रुग्णाला सांगितलं तो दिवस. जुने महिने पुन्हा मोजले, शीट लालभडक झालं. सगळे आकडे बिघडवलेस, मॅनेजर कुरकुरले. त्या जुन्या केसेसमध्ये कॅन्सरचे तिघे असे निघाले, ज्यांना अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसले आणि तिघांना फोन लावायला लावले. त्यातल्या एका, दुबईच्या अल क्वोज भागातल्या वेल्डरनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कब आना है?"

डॉक्टर डायरी चाळायला लागले. मी म्हटलं, आजच.