वस्त्रगाळ राख

आमच्या घराण्यात एक गोष्ट गेली कित्येक वर्षे चवीने सांगितली जाते. माझ्या वडिलांना माझी मोटार डोळ्यांसमोर नको होती, म्हणून त्यांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती मुद्दाम खरवडून ठेवली, असा तिचा सारांश. सांगणारा मुख्यतः माझा धाकटा भाऊ. तो त्या सकाळी तिथे नव्हता. मी होतो.

त्याच्या गोष्टीतला एवढा भाग खरा, की वडिलांना मोटार पसंत नव्हती. नरखेडकडची संत्र्यांची बाग सोडून ते नागपुरात माझ्याकडे राहायला आले, त्याच सुमारास मी ती जुनी काळी गाडी घेतली होती. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत तेवढी एकच गाडी. वडिलांनी तिच्यात कधी पाय ठेवला नव्हता. बर्डीवर बाजाराला जायचे तर सायकलरिक्षा, ती न मिळाली तर पायी. गाडीचा उल्लेख ते 'तुही डब्बी' असा करीत.

मी मात्र तिच्या रंगाला तळहातावरच्या फोडासारखा जपत असे. नागपूरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की रंगावर चरे उठतात. म्हणून आधी टपावरून खाली पाणी सोडायचे, मऊ कातड्याने टिपून घ्यायचे, आणि मग निंबाच्या सावलीत मेणाचे पॉलिश. तेही वीतभर जागेवर, जुन्या बनियनच्या तुकड्याने, गोल हात फिरवीत. पांढुरकी साय धरली की दुसऱ्या फडक्याने ती उतरवायची. उन्हात तापलेल्या पत्र्याला मेण लावणाऱ्याला मी शहाणा समजत नाही. माझ्या बॉनेटमध्ये निंबाचे पान न् पान दिसे. दसऱ्याला त्याच गाडीतून सगळ्या आप्तांकडे सोने द्यायला जायचे, म्हणून आदल्या रविवारी मी तिच्यावर अर्धा दिवस घालवला होता.

नवमीच्या सकाळी मी झेंडूची फुले आणायला गेलो आणि परत आलो तो फाटकातच थिजलो. वडील धोतराचा काचा मारून बॉनेटवर ओणवे झाले होते. एका हातात नारळाची शेंडी, दुसऱ्या हातात अर्धे लिंबू, शेजारी राखेची परात. बॉनेट, दोन्ही दारे आणि टप राखाडी पडले होते. त्या राखेखाली काय झाले असेल, हे मला पाणी न ओतताही कळले.

त्यांनी मान वर केली.

"काहून उभा राहिला गा? पाणी आण. तुह्या मेणानं मळ दबते, निंगत नाही."

मी कसेबसे विचारले, "बाबा, हे काय केलंत?"

"अवजार घासल्याबिगर पुजत असतात का?"

तेव्हा माझी नजर ओट्याकडे गेली. विळा, कुऱ्हाड, बागेतली छाटणीची कात्री, सगळे घासून ओळीने उन्हात ठेवले होते. आमच्याकडे नवमीला घरातली अवजारे कर्त्या पुरुषाने स्वतः घासायची असतात. इतर कोणाचा हात चालत नाही. त्या ओळीनंतर वडील गाडीकडे वळले होते. आता माझ्या भावाने एका गोष्टीचे उत्तर द्यावे. परातीतली राख वस्त्रगाळ होती. माझ्या पत्नीच्या जुन्या लुगड्यातून ती त्यांनी पहाटे चाळून घेतली. फडके तिनेच दिले होते, आणि तिला ते मोटारीसाठी असेल असे स्वप्नातही वाटले नव्हते. ज्याला खरवडायचेच आहे, तो माणूस राख चाळत बसतो? त्याला अंगणातली मूठभर रेती पुरली नसती?

मी पाणी ओतले. काळ्या रंगावर शेंडीचे अर्धगोल उमटले होते, थेट टपापर्यंत. निंबाचे एकही पान दिसेना. वडील मागे सरकून पाहत होते. "झाली चक्क साफ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला हळदकुंकू लावले, हार घातला आणि कोणी न सांगता पुढचे दार उघडून आत बसले. मला बसलेला तो दुसरा धक्का, आणि तो पहिल्याहून मोठा होता. सबंध शहरातून मी ती ओरखडलेली गाडी हाकली. चौकाचौकात लोक वळून पाहत होते. वडील ताठ बसून होते, मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी.

भावाच्या दारात गाडी थांबली. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि वडील उतरत असतानाच म्हणाला, "दादा, बाबानं चांगलाच बदला काढला गा तुह्यावर."

जमलेली मंडळी हसली. मी काही बोलणार, तोच वडिलांनी माझ्या दंडाला हात लावला. मग त्यांनी भावाच्या हातावर पाने ठेवली, "सोनं घे," म्हणाले आणि घरात गेले. आमच्या घराण्यातली गोष्ट त्या दारात तयार झाली.

परतीच्या वाटेवर माझा राग मावेना. तुम्ही त्याला खरे का सांगितले नाही, असे मी त्यांना विचारले.

समोरच्या बॉनेटवरची नजर न काढता ते म्हणाले, "त्यानं इचारलं कुठं?"

आजतागायत त्याने विचारलेले नाही.