मावशीचा सोमवार

कॅलेंडरला न जुमानणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण स्वतःचा वार स्वतः चालवणारी बाई मी एकच पाहिली आणि ती माझी सख्खी धाकटी मावशी आहे. मुलुंडला आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. ती निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एका तरुण मुलीने सकारात्मक विचार आणि जर्नल लिहिण्यावर व्याख्यान दिलं. बाकीची मंडळी नंतरच्या बटाटेवड्यासाठी बसली होती. मावशीने ते मनावर घेतलं. ध्येय सकाळी उठून असं लिहायचं की जणू ते पूर्ण झालंय, असं त्या मुलीने सांगितलं. समोर कोण बसलंय याची बिचारीला काय कल्पना. मावशी म्हणजे नोकरीत असताना रजेच्या अर्जावर कारण म्हणून सरळ ‘कंटाळा आला’ असं लिहिणारी बाई. तिला खोटं लिहिताच येत नाही. त्यामुळे ‘आज मी पवई तलावाला अख्खी फेरी मारली’ असं सकाळी लिहिलं की ती फेरी होईपर्यंत तिला पान उलटता येईना. आणि पान उलटलं नाही, तर वार तरी कसा बदलणार? अशा रीतीने आम्ही सगळे शनिवारात असताना मावशी निवांत गुरुवारात असायची. कुणी टोकलं तर म्हणायची, “तुझा असेल शनिवार. मला त्याचं काय?”

त्या मुलीने रोज कुणाचे तरी आभार माना असंही सांगितलं होतं. लोक आभार वहीत मानतात, मावशी ते घरपोच करते. पाण्याच्या टँकरवाल्याला, बँकेतल्या तुसड्या कारकुनाला, आमच्या जिन्यात झोपणाऱ्या बोक्यालाही तिने समोर उभं राहून धन्यवाद दिलेत. एकदा घाटकोपर स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे मान हलवून नकार दिला. मावशी वाकून म्हणाली, “थँक यू हं दादा, तुमच्यामुळे माझं चालणं होईल.” त्याला वाटलं, बाई नंबर लिहून घेऊन तक्रार करणार. मीटर टाकून तो तिच्या मागे मागे येत राहिला आणि मावशी काही बसेना. “माझं लिहून झालंय रे बाबा, आता चालायलाच पाहिजे,” असं ती त्याला सिग्नलपर्यंत समजावत होती.

आता मावशीचं खाणंपिणंही वारावर. मूळ मालवणची, त्यामुळे मासे म्हणजे जीव की प्राण, पण सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा आणि गुरुवार दत्ताचा. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मात्र तिच्या स्वयंपाकघराच्या वासाने आमच्या घरात भूक लागते. एका बुधवारी तिने ‘आज मी पोहायला शिकले’ असं लिहिलं. या वयात पोहणं काय एका दिवसात येतंय? तो बुधवार चांगला पंधरवडाभर चालला. तेवढे दिवस बांगडे, सुरमई, तिसऱ्या यांची रांग लागली होती, आणि पोहण्याच्या तलावाच्या कडेला पाय सोडून बसलेल्या मावशीला पोहायची मुळीच घाई नव्हती. तेव्हापासून आम्ही तिला चिडवायचो की अवघड ध्येयं तुला बरी बुधवारीच सुचतात. ती हसून म्हणायची, “अक्कल लागते त्याला.”

अशात मी आमच्याच जिन्यावरून घसरलो आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं. घरात मी चालायचोही, पण तिसऱ्या मजल्यावरून जिन्याखाली बघितलं की आत येऊन दार लावून घ्यायचो. बिल्डिंगला लिफ्ट नाही. ऑफिसचं काम घरून चाललं होतं, भाजी बायको आणत होती, आणि मी हळूहळू न उतरण्याची सवय लावून घेत होतो. मित्रांना ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून सांगायचो. मी आता असाच खुर्चीत म्हातारा होणार, ही भीती बायकोच्या डोळ्यांत दिसायची आणि मी पेपर वर धरायचो.

एके सकाळी मावशी जिना चढून आली, माझ्यासमोर वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, “आज माझा भाचा जिना उतरून खाली आला. आम्ही दोघांनी नाक्यावर उसाचा रस घेतला.”

“मावशी, मला नाही जमायचं गं.”

“मेल्या, पाय बरो झालो, आता डोक्यातली भीती काढ,” ती म्हणाली आणि खाली निघून गेली. रागावली की ती मालवणीत शिरते.

मी उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. ती रोज येऊन तेच पान वाचायची. शुक्रवारी सकाळी खालून मासेवालीची हाक आली, म्हणून मी खिडकीत गेलो. मावशी टोपलीपाशी उकिडवी बसली होती. तिने एक पापलेट उचललं, कल्ला उघडून पाहिला, आणि परत ठेवून दिलं.

“घे ना मावशी, ताजं हाय.”

“नको गं. माझा सोमवार आहे.”

“आज शुक्रवार हाय.”

“तो तुझा.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने माझा जिना सोमवारी लिहिला होता. पोहण्यासाठी बुधवार निवडणारी बाई माझ्यासाठी इतके दिवस वरणभात खात होती, आणि मी उतरलो नसतो तर आणखी कितीही दिवस खाल्ला असता. मी बायकोला म्हटलं, “माझे बूट दे.”

कठडा धरून, मध्येच पायरीवर बसून, घामाने भिजत मी उतरलो. मावशी तळाशी उभी होती. वर आली नाही, हातही दिला नाही. एवढंच म्हणाली, “सावकाश ये रे. मी सोमवारातच आहे, कुठे जात नाही.”

रस पिऊन झाल्यावर तिने पिशवीतून वही काढून पान उलटलं. मी भीत भीत विचारलं, “आता मंगळवार?”

“मंगळवार मी सोडला. देवाशी बोलणं झालंय,” असं म्हणून ती मासेवालीला शोधायला धावली. टोपलीपाशीच मी तिला विचारलं की बुधवारीच का नाही लिहिलंस. ती म्हणाली, “बुधवारी लिहिलं असतं, तर तू आरामात बसला असतास. आणि मीसुद्धा.”

आज मी ऑफिसला जातो, बाजारात जातो, उगाचच दोनदा जिना उतरतो. हे सगळं मला मावशीने दिलं. आभार घरपोच करायचे असतात, पण तिच्यासमोर उभा राहिलो की मला बोलता येत नाही. आता तिचे गुडघे गेलेत. गेल्या वर्षापासून ती खाली आलेली नाही. डॉक्टर फारसं आश्वासन देत नाहीत. मीही एक वही आणली आहे. तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलं, ‘आज मावशी माझा हात धरून जिना उतरली. आम्ही नाक्यावर उसाचा रस घेतला.’ रोज सकाळी ते पान तिला फोनवर वाचून दाखवतो. संध्याकाळी तिचा फोन येतो.

“तुझा कुठला वार रे?”

“सोमवार.”

“मेल्या, बुधवारी लिहायचं ना,” ती म्हणते आणि बराच वेळ फोन ठेवत नाही.

काल बायको तिच्याकडे डबा घेऊन गेली होती. सांगत होती की मावशीने दारातल्या चपला उचलून खुर्चीशी आणून ठेवल्या आहेत. अजून पायात घातलेल्या नाहीत. आमच्याकडे वरणभात चालू आहे.