डावखुऱ्याचं पान

"जरा उजेडातून सरका, साहेब. तलवार कुठं पळून जात नाही, माझी नजर चाललीय."

संग्रहालयाचा तपासनीस बाजूला झाला. मुठवाल्यानं जुन्या तलवारीची मूठ गुडघ्यांत धरली. मुठीवर सोन्याची नक्षी बसवायचं काम त्याच्या घरात तीन पिढ्या चाललं. लोखंडावर आधी बारीक ओरखडे काढायचे, मग त्यांत केसाएवढी तार ठोकायची. चौथी पिढी म्हणजे पुतण्या. तो मोबाईलच्या काचा बदलत होता.

मुठीवरच्या एका पानाची कड उचकटली होती. मुठवाल्यानं नखानं खालचे ओरखडे चाचपले. सगळे डावीकडे कललेले. त्याचं नख तिथंच थांबलं.

"हे माझ्या बापाचं काम."

"कशावरून?"

"तो डावखुरा होता. तुम्ही सही बघून माणूस ओळखता, आम्ही ओरखड्यावरून."

"ते पान नंतरचं आहे, मूळ नक्षीशी जुळत नाही. काढा आणि नवं करा."

चहा घेऊन आलेली त्याची म्हातारी बायको दारातूनच म्हणाली, "सासरे भाकरीसुद्धा डाव्या हातानं मोडायचे. लिहून घ्या की तेवढं."

"त्याला पुरावा म्हणत नाहीत, आजी."

"नसू दे. ते मेल्याचा दाखला मिळायलाही सहा महिने लागले होते."

तपासनीस हसला, पण कागदावर काही लिहिलं नाही.

मुठवाल्यानं पानाची उचकटलेली कड अंगठ्यानं दाबून धरली. बापाची सगळी कामं लोकांच्या घरी गेली, तिथून मोडीत. घरात त्याचा फोटोही नव्हता. उरलं होतं ते हे एवढंसं पान, तेही दुसऱ्याच्या तलवारीवर.

"राहू द्या ना साहेब एवढं. घट्ट बसवून देतो."

"नियम आहे. जमत नसेल तर दुसरा कारागीर बघतो."

दुसरा म्हणजे पेठेतला पॉलिशवाला. तो मशीन लावून पानासकट अख्खी मूठ गुळगुळीत करणार. मुठवाल्यानं छिन्नी उचलली.

पान निघता निघेना. बाप जिवंतपणी जसा हट्टी, तसंच त्याचं सोनं. दुपार झाली तेव्हा कुठं सोन्याचे तुकडे सुटले. तपासनिसानं तेही कागदात बांधून घेतले, सरकारी माल म्हणून, आणि तो निघून गेला.

मग डावे ओरखडे घासावे लागले. कानशीचे दहा-बारा हात मारले, झालं. लोखंड कोरं. आता ते कुणाचंही होतं.

मुठवाल्यानं आपले ओरखडे काढले, उजवीकडे कललेले. तार ठेवली, ठोकली. कड वर आली. पुन्हा ठोकली, पुन्हा वर आली. अंगठा थरथरत होता. आजचं नव्हतं ते.

"बसत नाही का?" म्हातारीनं विचारलं.

"बापाची बसली होती."

"चहा गार झाला."

"होऊ दे."

त्यानं वाकडी तार उपटून टाकली, दुसरी कापली आणि मूठ पुन्हा गुडघ्यांत धरली.