सविताची शेवटची मुलाखत

"सविता गेली..." एवढंच तिची आई फोनवर बोलली. रिक्षानं जुळे सोलापूरला तिच्या घरी पोचेपर्यंत मी त्या दोन शब्दांना खोटं पाडत राहिले.

आमची मैत्री कॉलेजच्या वसतिगृहातली. ती सांगोल्याकडची, घरी मेंढरं. शिक्षण संपल्यावर ती सोलापुरातल्या चादरीच्या दुकानांच्या वेबसाइट बनवू लागली. दुकानदार म्हणायचे, "साइट झाली, गिऱ्हाईक कुठाय?" म्हणून पुण्याला जाऊन मार्केटिंग शिकली. तिथं जाहिरातीला भुलून आलेली माणसं वस्तू वापरून वैतागलेली बघितली, तेव्हा "मुळात वस्तूच नीट पाहिजे की!" म्हणत तिथल्याच एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर झाली, कुणासाठी काय बनवायचं, हे ठरवणारी. लोकांना ती धरसोड वाटायची. तिच्या लेखी ती एकच वाट होती.

मग कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तीही. सोलापूरला परतली, आईला गावाकडून आणलं, घरातून अर्ज करत राहिली. त्याच सुमारास पोटातली गाठ कळली. केमो चालू असतानाही मुलाखती थांबल्या नाहीत. "काम मिळालं की मी बरी होते बघ," म्हणायची. मला रागही यायचा आणि रडूही.

शेवटची मुलाखत तिनं पलंगावर बसून लॅपटॉपवरून दिली. डोक्याला ओढणी, ओठांना लिपस्टिक. सलाईनची बाटली कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी ती उंच धरून भिंतीला चिकटून उभी. पलीकडच्या माणसानं विचारलं, "डेव्हलपमेंट, मार्केटिंग, आता प्रॉडक्ट... तुम्ही नेमक्या कोण?"

"काम जिथं अडतं, तिथलं शिकून घेणारी."

"आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?"

ती शांतपणे म्हणाली, "कामावर." त्यानं "कळवतो" म्हणून कॉल बंद केला. तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "खोटं बोलले ना गं मी?" मी सलाईनची बाटली परत स्टँडला अडकवली. पुढं शुद्ध हरपेपर्यंत ती मेल बघत होती.

परवा तिच्या खोलीतलं इंटरनेट बंद करायला मी माणूस बोलावला. मावशी, म्हणजे तिची आई, टेबलापुढच्या खुर्चीतून उठेचनात. "एकच काम धरलं असतं तर कंपनीनं ठिवली असती का गं तिला?" त्यांनी विचारलं. मग पदरानं लॅपटॉपचा पडदा पुसत म्हणाल्या, "त्यो मानूस कळवतो म्हनला हुता की. बंद केल्यावर निरोप यायचा कुटनं?"

मी दारातल्या माणसाला परत पाठवलं.