मरीआई आमच्याच वाडीत राहिली

खरं सांगते, तरुणपणी मला देवीची भक्ती नव्हती, भीती होती. भालकीच्या बाजूला लाल माळावर आमची वाडी, दोन गावांच्या शिवेवर. वरचं गाव म्हणे ती खालच्याची, खालचं म्हणे वरच्याची. जत्रेची पट्टी मागायला दोन्हीकडची माणसं येत. मढं उचलायला मात्र कुणी फिरकत नसे. वेस नाही, पाटील नाही, देऊळ नाही. ओढ्याच्या कपारीतला एक झरा आणि त्याच्या आधाराने वसलेली मोजकी घरं. निजामाच्या अमदानीत आमच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

त्या उन्हाळ्यात वरच्या गावात पटकी आली. असं काही आलं की आमच्या भागात मरीआईला लहानशा लाकडी गाड्यात बसवून, ओटी भरून शिवेबाहेर सोडत. पुढच्या गावाने तिला आणखी पुढे न्यायचं. वरच्या गावाने गाडा आमच्या ओढ्याशी आणून सोडला आणि मागे न बघता माणसं निघून गेली. आमच्या माणसांनी तो खालच्या गावाकडे ओढत नेला, तर तिथे लोक गोफणी घेऊन उभे. “पुढं आणलाव तर टकुरं फोडू!” गाडा परत आला. वाडीत आमचं घर पहिलं, म्हणून तो माझ्याच दारात थांबला. दुपारपर्यंत माझ्या गंगीला, नुकत्या बोलू लागलेल्या लेकीला, उलट्या-जुलाब सुरू झाले.

पोरीचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. पटकीत पाणी देऊ नये असं सगळे म्हणत, म्हणून मी तेही पाजायला धजेना. दीर म्हणाले, “गाडा दरीत लोटून द्यू, टळंल तरी.” देवीला दरीत लोटणं म्हणजे पाप, हे मला कळत होतं, आणि तरी मनात मी म्हणत होते, लोटा, लौकर लोटा.

तेवढ्यात माळावरून एक उंच, अनोळखी बाई आली आणि सरळ गाड्याच्या सावलीत बसली. दिरांना म्हणाली, “हिला कामून ढकलायलाव रे अण्णा? दोन गावांनी भायेर काढलेली बाई हाय. तुमचं तरी काय येगळं हाय?” दीर गाड्यापासून मागे सरले. मग ती माझ्याकडे वळली. “अक्का, झऱ्याचं पाणी उकळ, मीठ-गूळ घाल. आदी गाड्यातल्या आईला दाव, मग पोरीला दे. वकली तरी देतच ऱ्हा. भिऊ नगं.”

भिऊ नको म्हटल्याने भीती जाते होय? पण मी पळीपळीने पाजत राहिले. ती ओकायची, मी पुन्हा पाजायची. दिवस कलता कलता माझी मांडी गरम, ओली झाली. दुपारपासून पहिल्यांदाच पोरगी मुतली होती. “आता जगती,” बाई म्हणाली, आणि मी हंबरडा फोडला. डोळे पुसून बघते तो ती निघून गेलेली. नंतर दोन्ही गावांत विचारलं. तशी बाई कुणीच पाहिली नव्हती. ती कोण, हे मी ठरवत बसले नाही.

वाडीत आणखी काहीजण आजारी पडले; सगळे वाचले असं नाही. तेच पाणी पाजूनही माझी सासू गेली. तरी गाडा लोटायचं कुणी नाव काढलं नाही. झऱ्यापाशी दगडांचा ओटा करून आईला बसवलं.

घरात कुणाला ताप आला की आजही मला भीती वाटते. पूर्वी अशा वेळी मी हात जोडून “आई, दुसरीकडे जा” म्हणायची. आता म्हणते, “आई, बैस. द्यायचं ते दे, न्यायचं ते ने, पण इथंच राहा.”