टेकाड मोकळं ठेवणारी जेठाई

पुण्यप्रभा पाइत हिला सारं गाव जेठाई म्हणतं, म्हणजे थोरली मावशी. निव्वळ मायेनं म्हणतं असं मात्र समजू नका. तिला नुसत्या नावानं हाक मारायची कुणाची छाती नाही.

आमचं गाव ब्रह्मपुत्रेच्या काठच्या सखल रानात. घरं सगळी बांबूच्या खांबांवर. पाणी घराखालून येतं नि घराखालून जातं. माणसं वर राहतात, पण गाय काही शिडी चढत नाही. म्हणून गावानं मिळून तळं खोदलं आणि त्या मातीचं उंच टेकाड रचलं. पूर आला की गुरंढोरं, म्हातारेकोतारे, बियाण्याचं भात, सगळं त्याच्यावर. एरवी मात्र तिथं काडीसुद्धा ठेवायची नाही, असं ठरलं.

राखणीला कोण? गावबुढा दधिराम कुली, म्हणजे आमचा पाटील, सभेत म्हणाला, "जिचं कुणाशीच पटत नाही अशी बाई बघा. ती कुणाची भीड धरायची नाही."

साऱ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"बघता काय?" जेठाई कडाडली. "करते राखण! पण पहिला पेंढा तुझा फेकीन, दधिराम. कालपासून रचून ठेवलायस तिथं."

आणि फेकलाच. मग मोहरी वाळवणाऱ्या बाया, व्हॉलीबॉल खेळणारी पोरं, सगळ्यांना तिनं खाली पिटाळलं. सख्खा दीर मुलीच्या लग्नाचा मांडव घालायला आला. "वहिनी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"नदीला सांगून ठेवलंयस का, त्या दिवशी येऊ नको म्हणून?"

पण पूर येईना. पावसाळ्यामागून पावसाळे पाणी अंगणाला शिवून माघारी जाऊ लागलं. लोक कुजबुजायला लागले, म्हातारी चांगली जागा सडवतेय. गावबुढ्याच्या भाच्यानं, टंकेश्वरनं, तिथं पानटपरी टाकायचा घाट घातला. जेठाईला कळायचा अवकाश, तिनं आपला हातमाग उचलून टेकाडावर नेला आणि विणता विणता पहारा सुरू केला. ऊन तापलं तसं मागावर गवती छप्पर आलं. मग चहापुरती चूल आली. कोंबड्या तिच्या मागोमाग आल्या, म्हणून खुराडं आलं. डुकरीण तेवढी घराखालीच राहिली.

एका सकाळी टंकेश्वर वर आला नि अगदी नम्रपणे म्हणाला, "जेठाई, टपरीला जागा नाही म्हणता. मग हे घर कुणाचं?"

"कुठलं घर?" म्हणत ती वळली. छप्पर, चूल, खुराडं, आणि दोरीवर तिचीच नेसायची मेखला वाळत होती. जेठाईनं मेखला ओढून काखेत मारली. मी तिची शेजारीण, पण तिचा चेहरा असा पडलेला तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी तिनं स्वतःच सभा बोलावली आणि स्वतःवरच तुटून पडली. "लाज नाही वाटत? गावाची जागा बळकावते! काय दंड करायचा हिला, बोला!"

गावबुढा घाबरून म्हणाला, "जाऊ द्या जेठाई, चुकून झालं."

"मध्ये बोलू नकोस! तू अशी भीड धरतोस म्हणूनच ही बया माजली."

दंड एक डुक्कर. तिनंच ठोठावला, तिनंच भरला. गावजेवण झालं, भात, मांस आणि तांदळाची दारू. वाढायलाही तीच. "नीट जेवा रे! दंडाचं आहे, टाकू नका." दुसऱ्या दिवशी माग, चूल, खुराडं, सगळं खाली आलं.

त्याच वर्षी श्रावणात नदी फुगली. सकाळी पाणी शेतात होतं, दुपारी शिडीच्या वरच्या पायरीला लागलं. टेकाड मोकळं होतं म्हणून सगळं मावलं. गाई एका अंगाला, शेळ्या दुसऱ्या, डुकरं उतारावर आणि गावातली एक ओली बाळंतीण मधोमध, पुरात प्यायच्या पाण्यासाठी बसवलेल्या हापशाजवळ. जेठाई काठी घेऊन जागा वाटत होती. टंकेश्वर दोन्ही काखांत शेळ्या घेऊन पाण्यातून आला.

"काय रे, तुझी टपरी असती तर ही बाळंतीण कुठं ठेवली असती? पानाच्या डब्यात?"

"आणि तुमचं खुराडं असतं तर?"

जेठाईनं काठी उगारली, आणि मग तिला असं हसू फुटलं की मटकन खालीच बसली. तिचं बघून भेदरलेली पोरंही हसायला लागली.

पाणी उतरलं तेव्हा गावाचं एकही जनावर वाहून गेलं नव्हतं. जेठाईच्या घराचे दोन खांब मात्र कलले होते. टंकेश्वरनं चार जण जमवून ते सरळ केले. ती वर बसून प्रत्येक ठोक्याला नावं ठेवत होती, आणि मधूनमधून सुक्या मासळीची चटणी नि भात खाली पाठवत होती.